‘हॅलो’ पोहोचलं, ‘नमस्कार’ राहिला

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातली गोष्ट. गणपतीची गडबड संपून आठ-दहा दिवस झाले होते आणि दिवाळीच्या कार्यक्रमाचं ठरवायला आमची मंडळाची समिती एका घरी जमली होती. चहा झाला, चिवडा झाला, हॉलचं भाडं यंदा किती वाढलं यावर हळहळून झालं. मग अध्यक्षताईंनी मी तयार केलेली यादी लॅपटॉपवर उघडली. मंडळाच्या फेसबुक पानावर दोन आठवड्यांत आलेले निरोप त्यात ओळीनं लावलेले होते. कोणी तिकिटांचं विचारलं होतं, कोणाला फराळाची ऑर्डर द्यायची होती, कोणाला मुलीला नाचात घालायचं होतं. एकूण ६३ निरोप.

“एक गोष्ट बघितलीत का?” अध्यक्षताई म्हणाल्या. “यात एकही निरोप देवनागरीत नाही. सगळे इंग्रजीत, नाहीतर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत.”

झालं! पुढची वीस मिनिटं आम्ही मराठीच्या भवितव्याची काळजी करण्यात घालवली. पुढच्या पिढीचं काय होणार, इथपासून ते आपणच फोनवर ‘कसे आहात’ इंग्रजी अक्षरांत लिहितो, इथपर्यंत सगळं बोलून झालं. मीही मागे राहिले नाही. मराठी घेऊन एम.ए. केलेलं, सांगलीच्या एका शाळेत आठ वर्षं मराठी शिकवलेलं, इथे मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग घेते. मी गप्प कशी बसेन? मी तावातावानं म्हणाले, “मुलांचं राहू द्या, आता आई-बाबांसाठीच शुद्धलेखनाचा वर्ग काढायला हवा.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या खोलीत मराठी निरोप अडवून धरणारी व्यक्ती एकच होती, आणि ती मी होते. हे मला त्याच रात्री अकरा वाजता कळलं.

ही यादी माझ्याकडे कशी आली, ते आधी सांगते. आम्ही ऑकलंडला आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो रस्ते-पूल बांधणारा इंजिनियर. संगणकाशी त्याचं नातं ई-मेलपुरतं. लेकीची शाळा नऊ ते तीन. मधले सहा तास माझे. इथे शाळेत शिकवायचं तर पदव्या तपासून घ्या, शिक्षक परिषदेकडे नोंदणी करा, आणि एवढं करून माझा विषय पडला मराठी. तेव्हा काहीतरी नवीन शिकावं म्हणून इंटरनेटवरचे फुकटचे धडे बघत, वाचनालयातून पुस्तकं आणत मी प्रोग्रॅमिंग शिकायला लागले. खरं सांगते, व्याकरण शिकवणाऱ्या बाईला ते फार परकं वाटत नाही. एखादा कंस बंद करायचा राहिला की सगळं अडतं. अनुस्वार राहिला की मी मुलांना अडवायचे, तसंच.

निरोपांचं काम हातात घ्यायला कारण झालं ते २७ जानेवारी २०२३ च्या पुराचं. तो शुक्रवार इथल्या कोणाच्याच विस्मरणात जाणार नाही. संध्याकाळपर्यंत मोटारी तरंगायला लागल्या, विमानतळात पाणी शिरलं, एल्टन जॉनचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि त्या पावसानं शहरात चार जणांचा बळी घेतला. त्या रात्री आमच्या मंडळाच्या पानावर निरोपांची रीघ लागली होती. कोणाच्या घरात पाणी होतं, कोणी आई-वडिलांना आणायला निघून रस्त्यात अडकलं होतं, कोणी ‘आमच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत’ म्हणून कळवत होतं. हे सगळं दोघीजणी आपापल्या फोनवर वाचत होत्या. खोल्या देणाऱ्यांचा निरोप खोल्या शोधणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. नंतरच्या बैठकीत मी म्हणाले, की आलेला प्रत्येक निरोप आपोआप एका यादीत पडेल आणि समितीतल्या सगळ्यांना दिसेल, असं काहीतरी करता येईल. म्हणाले खरी, पण ते जमायला मला दोन वर्षांहून जास्त काळ लागला.

आता हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, ते थोडक्यात. एपीआय आणि वेबहुक हे दोन शब्द ऐकून कोणी पान उलटू नका. दोन्ही गोष्टी आपल्या टपालासारख्या आहेत. तुम्ही रोज पोस्टात जाऊन खिडकीतल्या माणसाला विचारता, “आमचं काही पत्र आलंय का?” तो बघून हो किंवा नाही सांगतो. ही खिडकी म्हणजे एपीआय. आपण ठरलेल्या पद्धतीनं विचारायचं, तिकडून ठरलेल्या पद्धतीनं उत्तर येतं. पण पत्र आहे की नाही हे विचारायला दर पाच मिनिटांनी कोण पोस्टात जाणार? त्यापेक्षा पोस्टमनच पत्र घेऊन दारात आला आणि त्यानं कडी वाजवली तर? तो वेबहुक. आपण फक्त आपला पत्ता द्यायचा आणि कडी वाजली की दार उघडायला कोणीतरी घरात ठेवायचं. त्या ‘कोणीतरी’चा कोड मी लिहिला.

फेसबुक पहिल्यांदा तुमच्या पत्त्यावर येतं तेव्हा परीक्षा घेतं. आधी ठरलेला परवलीचा शब्द आणि सोबत एक आकडा पाठवतं. शब्द तपासून तोच आकडा जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, की हजेरी लागली. ही हजेरी लागली तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. मग परवानग्यांचं काम. परक्या लोकांचे निरोप वाचायचे तर ते कशासाठी, कोण वाचणार, किती दिवस ठेवणार, हे लिहून द्यावं लागतं. वापर कसा होणार याची चित्रफीतही करून पाठवावी लागते. ते योग्यच आहे. लोक घरातलं काय काय लिहितात!

यानंतर येतो मोहोरेचा भाग, आणि माझी चूक तिथेच झाली. तुमच्या दाराचा पत्ता इंटरनेटवर उघडा असतो. कोणीही येऊन कडी वाजवून म्हणेल, मी फेसबुककडून आलोय. म्हणून प्रत्येक पत्रासोबत फेसबुक एक मोहोर पाठवतं. पत्रातला मजकूर आणि फक्त तुम्हा दोघांनाच माहीत असलेली एक गुप्त किल्ली यांचं गणित करून ६४ चिन्हांची एक ओळ तयार होते. तुम्ही आपल्याकडे तेच गणित करायचं. ओळ तंतोतंत जुळली तर पत्र खरं. मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी सगळी ओळच बदलते.

मी हे सगळं निगुतीनं केलं. मोहोर जुळली तर निरोप यादीत जाणार आणि पाठवणाऱ्याला ‘आपला निरोप मंडळाला मिळाला आहे’ असं उत्तर जाणार. जुळली नाही, तर पत्र टाकून द्यायचं. इथे मी एक शहाणपणा केला. वेबहुक घेऊन येणाऱ्याला ‘मिळालं’ असं कळवावं लागतं. २०० हा आकडा परत द्यायचा असतो. तो दिला नाही तर फेसबुक तेच पत्र थोड्या थोड्या वेळानं पुन्हा आणून बघतं. मला वाटलं, खोट्या पत्रवाल्याला आपण त्याला ओळखलंय हे कळायलाच नको. म्हणून मोहोर न जुळणाऱ्यालाही मी ‘मिळालं’ म्हणून सांगत होते. थोडक्यात, रजिस्टर पत्रावर सही करायची, पोस्टमनला वाटेला लावायचं आणि पत्र केराच्या टोपलीत टाकायचं.

चाचणीही केली होती, एकदा नव्हे, चाळीस वेळा. ‘हॅलो’, ‘टेस्ट’, ‘टेस्ट वन टू थ्री’. सगळं इंग्रजी अक्षरांत. मराठीच्या बाईंनी मराठी मंडळासाठी केलेल्या कामाची चाचणी एकदाही मराठीत घेतली नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस काम सुरू झालं. समितीनं कौतुक केलं आणि पानावरची मूळ निरोपपेटी उघडून बघायचं सगळ्यांनी बंद केलं. यादी होती ना!

बैठकीवरून घरी आले, लेकीला झोपवलं, पण डोक्यात काहीतरी टोचत होतं. रविवारच्या वर्गातल्या मुलांच्या आज्या मला निरोप पाठवतात, ते तर नेहमी देवनागरीत असतात. त्यांच्यापैकी एकीनंही मंडळाला काही विचारलं नसेल? मी कोडची नोंदवही उघडली. ‘मोहोर जुळत नाही’ अशा २० नोंदी होत्या. त्या मी आधीही पाहिल्या होत्या आणि ‘बघा, किती खोटी पत्रं अडवली’ म्हणून मनात खूश झाले होते. आता त्या नोंदींच्या वेळा घेऊन मी पानाची मूळ निरोपपेटी उघडली आणि एकेक वेळ लावून बघितली.

वीसपैकी अकरा निरोप देवनागरीत होते. अकराही खरे, आपल्याच माणसांचे. आठ इंग्रजीत होते, पण प्रत्येकात पणतीचं, नाहीतर हात जोडल्याचं चित्र होतं. आणि विसावा निरोप लेकीच्या शाळेतल्या एका माओरी मदतनीस बाईंचा होता. त्यांनी ‘किया ओरा ए ते फानाऊ’ अशी सुरुवात करून आमच्या दिवाळीला बाहेरच्यांनी आलेलं चालतं का, असं विचारलं होतं. फानाऊ म्हणजे कुटुंब. त्या शब्दातल्या पहिल्या ‘ए’ या अक्षरावर एक छोटी आडवी रेघ असते. बाकीचा सगळा निरोप साध्या इंग्रजीत. मग हा का अडला?

त्या रेघेपाशी माझं लक्ष थांबलं. माओरीतली ती रेघ म्हणजे दुसरं काही नाही, आपला दीर्घ. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले; माओरीतही ‘केके’ म्हणजे केक, आणि तेच दोन्ही स्वर लांबवून म्हटले तर काख. म्हणजे इंग्रजी कळफलकावर नसलेलं एक जरी चिन्ह मजकुरात आलं, तरी माझी मोहोर चुकत होती. मग तो मराठीतला ‘न’ असो, पणती असो, की माओरीतला दीर्घ.

कारण शोधायला रात्रीचा एक वाजला. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. जगातल्या लिप्यांना युनिकोडमध्ये एकेक आकडा दिलेला आहे. देवनागरीची तिथली मांडणी १९८८ सालच्या ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतली आणि १९९१ पासून ती युनिकोडमध्ये आहे. आपल्यातल्या थोड्या जुन्या मंडळींना त्याआधीचे हाल आठवत असतील. पुण्याहून कोणी श्रीलिपीत मजकूर पाठवायचा आणि तो फॉन्ट नसेल तर आपल्या पडद्यावर नुसती भुताटकी उमटायची. आता तसं होत नाही, कारण ‘न’चा आकडा सगळीकडे एकच, ०९२८. ‘ळ’चा ०९३३. ‘आई’ हा शब्द म्हणजे ०९०६ आणि ०९०८.

फेसबुक जेव्हा माझ्या दारात मराठी पत्र आणत होतं, तेव्हा ते अक्षरांनी नाही, या आकड्यांनी लिहिलेलं असायचं, आणि मोहोरही त्या आकड्यांच्या मजकुरावर उमटवलेली असायची. माझा कोड काय करायचा? आधी पाकीट फोडायचा. आतले आकडे वाचून त्यांची सुंदर देवनागरी करायचा. मग ते पत्र आपल्या वळणदार अक्षरात नव्यानं उतरवून काढायचा आणि त्या नकलेवरून मोहोर पडताळायचा! इंग्रजी पत्राची नक्कल मुळाबरहुकूम उतरायची, म्हणून जुळायची. मराठीची कधीच जुळणार नव्हती. मोहोर आलेल्या मूळ मजकुरावरूनच पडताळायची, आणि इंग्रजीपलीकडची अक्षरं त्यात आकड्यांच्या रूपात येतात, हे फेसबुकच्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं होतं. मी ते पान घाईघाईत वाचलं होतं. परीक्षेत ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून मी किती मुलांचे गुण कापले असतील!

दुरुस्ती तीन ओळींची होती. पाकीट फोडण्याआधीच मोहोर तपासायची. दीड वाजता मी स्वतःच्या फोनवरून मंडळाच्या पानाला लिहिलं, ‘नमस्कार’. यादीत उमटलं. पण टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत, कारण अकरा निरोप समोर उघडे होते.

दहा जणांचं फारसं बिघडलं नव्हतं. तिकीट हवं होतं त्यांनी कोणालातरी फोन केला होता, फराळवाल्यांनी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं. ज्यांच्या मंडळात ओळखी आहेत, त्यांना चार दारं असतात. एक बंद असलं तर ते दुसऱ्यातून येतात. अकरावा निरोप मात्र अशा माणसाचा होता, ज्याला फक्त हेच दार माहीत होतं. तो अकरा दिवसांपूर्वी आला होता आणि असा होता:

‘स.न.वि.वि. मी पापाटोएटोए येथे मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहे. सौ. पायरीवरून घसरून पडली व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आहे. मुलगा व सूनबाई नोकरीला जातात. सौ.ला इंग्रजी येत नाही व ती दिवसभर कोणाशी बोलत नाही. दुपारी तासभर कोणी मराठी भगिनी रुग्णालयात येऊन बसू शकतील काय? तसदीबद्दल क्षमस्व.’ खाली घरचा फोन नंबर.

मी तो निरोप किती वेळा वाचला, ठाऊक नाही. माझ्या यंत्राला तर आता उत्तरही देता येत नव्हतं. समोरच्यानं लिहिल्यापासून चोवीस तासांच्या आत आपोआप उत्तर पाठवता येतं, नंतर नाही. लोकांना नको असलेल्या जाहिराती जाऊ नयेत म्हणून केलेला तो नियम आहे आणि तो चांगलाच आहे. इथे अकरा दिवस उलटले होते.

सकाळी नऊ वाजता, लेकीला शाळेत सोडल्या सोडल्या, गाडीतूनच फोन लावला. काकांनीच उचलला.

“हो हो, लिहिलं होतं खरं,” ते म्हणाले. “आता सौ. घरी आली. काळजीचं काही नाही. इकडं सगळ्यांना कामं असतात, आम्हाला कल्पना आहे.”

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, “काका, मी आज दुपारी आले तर चालेल?”

“चालेल की. चहालाच या.”

माउंट रॉस्किलहून पापाटोएटोए वीस-पंचवीस मिनिटांवर. इतकं जवळ. काकू पुढच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारी चालायला आधाराची चौकट. इथे अपघात झाला तर पाहुण्यांच्याही उपचारांचा भार एसीसी उचलते, त्यामुळे पैशांची विवंचना नव्हती. “नर्सा गुणाच्या हो,” काकू म्हणाल्या. “माझी वेणीसुद्धा घालून द्यायच्या. पण नुसतं त्यांच्याकडं बघून किती हसायचं? फोनवर एक हिंदीवाली द्यायचे बोलायला. ती विचारायची, दर्द है? मी म्हणायची, हां. आता तिला कसं सांगू, की दुखत नाही, ठणकतंय. आणि रात्री मांडीतनं चमक जाते ती वेगळीच?”

मी शाळेत ‘दुखणे’ या अर्थाचे शब्द गोळा करायचा गृहपाठ द्यायचे. ठणका, कळ, चमक, सल, आग, रग. पंचवीस मुलांची पंचवीस पानं तपासायचे. हे शब्द बोलायला माणूस न मिळणं काय असतं, ते मला त्या खुर्चीसमोर बसून कळलं.

चहा झाल्यावर मी सगळं सांगून टाकलं. म्हणाले, “काका, मंडळाला वेळ नव्हता असं नाही. तुमचा निरोप कोणी वाचलाच नाही. मी केलेल्या कोडनं तो टाकून दिला. मराठीत होता म्हणून.”

काका रागावले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, “म्हणजे नक्की काय झालं, दाखवा बघू.” मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. दार, पोस्टमन, मोहोर, माझी वळणदार नक्कल. त्यांना ते माझ्या नवऱ्यापेक्षा लवकर कळलं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं आवक-जावक टेबलावर काढलेली.

“आमच्याकडं नियम होता,” ते म्हणाले. “टपाल आलं की आधी आवक नोंदवहीत चढवायचं, शिक्का मारायचा, मगच पुढं. आणि संशयास्पद वाटलं तरी टपाल फेकायचं नाही. फेकायचा अधिकार आवक कारकुनाला नाहीच. बाजूला ठेवायचं, साहेबांना दाखवायचं.” मग थोडं थांबून म्हणाले, “तुमच्या त्या यंत्राला साहेब कोण?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. साहेब कोणीच नव्हता. आम्ही सगळ्यांनी यंत्रावर सोपवून निरोपपेटीकडे पाठ फिरवली होती.

निघताना मी विचारलं, एवढा मोठा निरोप फोनवर मराठीत टाइप कसा केला? काकांनी दाखवलं. ते टाइप करतच नाहीत. पाटीवर लिहावं तसं काचेवर बोटानं एकेक अक्षर गिरवतात, फोन त्याचा छापील मजकूर करतो. एवढा निरोप लिहायला त्यांना अर्धा तास लागला होता.

पुढच्या बैठकीत मी समितीला सगळं सांगितलं. सोपं नव्हतं ते. आधीच्या बैठकीत मराठीची काळजी वाहणाऱ्यांत माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता. कोणी काही बोललं नाही. एका काकूंनी माझ्याकडे चिवड्याची बशी सरकवली, एवढंच. मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या.

मोहोर न जुळलेलं पत्र आता टाकलं जात नाही. ते वेगळ्या यादीत पडतं आणि माणूस बघून ठरवतो. दरवेळी कोडमध्ये काही बदल केला की पहिली चाचणी एका ठरलेल्या मराठी वाक्यानं होते. त्यात मुद्दाम ‘ळ’ आहे, ‘ज्ञ’ आहे, ‘वाऱ्या’तला ‘ऱ्य’ आहे, शेवटी पणती आणि माओरीतला दीर्घही आहे. ते वाक्य पोहोचलं तर इंग्रजी पोहोचणारच. न्यूझीलंडचा २०२० चा खासगीपणाचा कायदा आमच्यासारख्या छोट्या मंडळांनाही लागू आहे, म्हणून कार्यक्रम झाला की निरोपांची यादी पुसून टाकतो. काकूंच्या खुब्याची हकिकत कायमची एखाद्या तक्त्यात पडून राहायचं कारण नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रोज रात्री एकजण मूळ निरोपपेटी स्वतः उघडून वाचतो. पाळ्या लावल्या आहेत. काका ज्यांना साहेब म्हणतात, ते आता आम्ही सातजण आहोत.

शाळेतल्या त्या माओरी बाईंना मी शाळेच्या फाटकात गाठून माफी मागितली आणि दिवाळीला बोलावलं. तुमच्या एका रेघेमुळे मला माझी चूक सापडली, असंही सांगितलं. त्या हसल्या. १४ सप्टेंबर १९७२ ला माओरी भाषा शाळेत शिकवावी म्हणून तीस हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज इथल्या संसदेत दिला गेला, आणि १९८७ मध्ये कायद्यानं ती अधिकृत भाषा झाली. दर सप्टेंबरात भाषेचा आठवडा साजरा होतो तो त्याच दिवसाच्या आठवणीत. त्या म्हणाल्या, “आमच्या आजीला शाळेत माओरी बोलली म्हणून छड्या बसायच्या.” मला वाटलं, छडी निदान दिसते तरी. माझ्या कोडनं तर कोणाला कळूही न देता काम केलं होतं.

काकू तीन आठवड्यांत चौकटीशिवाय चालायला लागल्या. त्या काळात आम्ही तिघीजणी पाळीपाळीनं दुपारी जात होतो. खरं तर त्याची आता गरज नव्हती, पण काकूंनी आम्हाला कडबोळ्यांचं प्रमाण शिकवलं आणि मंडळाच्या फराळात गेल्या वर्षी जी कडबोळी गाजली, ती त्यांचीच. दिवाळीला दोघं हॉलवर आले होते. इथल्या दिवाळीत घड्याळं एक तास पुढे गेलेली असतात, त्यामुळे आठ वाजेपर्यंत उजेड, आणि पणत्या लावायला मुलं खिडकीशी अंधाराची वाट बघत उभी. काका त्यांच्यात उभे राहून विचारत होते, “काय रे, मराठी लिहिता येतं का?”

रविवारच्या वर्गात आता मी मुलांना अक्षरांसोबत त्यांचे आकडेही सांगते. मुलांना ते गुपित वाटतं. माझी लेक तर वहीच्या पहिल्या पानावर ०९०६, ०९०८ असं लिहिते आणि मला म्हणते, तू वाचून दाखव.

तेव्हा मंडळी, यंदाही तिकिटांसाठी, फराळासाठी किंवा कुठल्याही अडचणीसाठी मंडळाच्या पानावर लिहा. मराठीत लिहायचं असेल तर बिनधास्त मराठीत लिहा. बोटानं गिरवा, स.न.वि.वि. घाला, पणत्या लावा. ‘निरोप मिळाला’ असं जे लगेच उत्तर येईल, ते यंत्राचं असेल. त्यावर फार विसंबू नका. खरं उत्तर रात्री साडेआठनंतर येईल, माणसाचं. मंगळवारी आणि शुक्रवारी ते माझं असेल.

दिवाळीच्या शुभेच्छा.